शकुकाकूचं कमिशन

शकुकाकू इजिप्तला जाऊन आली हे तर भेडाघाटच्या नावाड्यांपासून तिलवाऱ्याच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, पण ती तिथं काय करून आली हे कोणालाच धड माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून ऐका आणि मधे बोलू नका.

जबलपूरजवळ नर्मदेचा धुआंधार धबधबा आहे, त्याच्या रस्त्यावर तिचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार बांबू, वर निळी ताडपत्री, खाली फळ्या, आणि फळ्यांवर नंदी, शिवलिंगं, हत्ती, उदबत्तीची घरं, हे सगळं पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं मांडलेलं. तिचा नवरा धनेशकाका मागच्या शेडमध्ये घडवतो आणि ही पुढं विकते, एकतीस वर्षांपासून. काकाचे आजोबा भंडाऱ्याकडून आले होते, म्हणून घरात अजून तिकडची मराठी चालते आणि गिऱ्हाईक आलं की लगेच हिंदी. त्या फळ्यांवर बसून बाईनं एक कायदा पाळला, तो सगळ्याच दुकानदारांचा आहे पण हिचा जास्त पक्का: शेजारच्या फळीवरच्या मालाला नाव ठेवायचं नाही. माल भंगार असू दे, गिऱ्हाईक फसून राहिलं असू दे, आपण आपला माल दाखवायचा, दुसऱ्याचं गिऱ्हाईक तोडायचं नाही. आणि दुसरी एक रीत, ज्यानं गिऱ्हाईक आणलं त्याचा वाटा त्याला द्यायचा, मग तो ऑटोवाला असो की नाववाला. ह्या दोन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढं कामी येतील.

आता धनेशकाकाचं एकच खूळ. अखंड लोटा. दगडाचा लोटा तर तिथं सगळेच करतात, पण दोन तुकड्यांत करतात, खालचं पोट वेगळं, वरचा गळा वेगळा, मग मसाल्यानं चिकटवून वरून दगडाची पूड घासतात, जोड दिसत नाही. गिऱ्हाइकाला नाही दिसत, पण काकाला दिसतो. पाणी भरून ठेवलं की दोन दिवसांत जोडावर ओल येते. त्याला एकाच दगडातून काढायचा होता, गळा अंगठा जाईल इतका आणि पोट नारळाएवढं. लोखंडाचा आकडा वाकवून, वाळू टाकून, आत फिरवून पोट घासायचं इथपर्यंत त्याचं त्यानं बसवलं होतं. पण आकडा हातानं दाबत फिरवावा लागे, जरा हात हलला की आकड्याची काठी गळ्याला लागे आणि गळा तडके. असे किती गळे तडकले असतील, शेडच्या मागं त्यांचा ढीग आहे, शकुकाकू त्यात तुळशी लावते.

मग एकदा त्यांचा मुलगा चिराग, जो नागपूरला नोकरीला आहे, त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. इजिप्तमध्ये कुठल्याशा पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली दगडाची हजारो भांडी सापडली, साडेचार हजार वर्षं जुनी, अरुंद गळ्याची, अखंड. काका पाहतच राहिला. आणि मग त्याच व्हिडिओत एक कबर आली, त्याच पिरॅमिडच्या शेजारची, भिंतीवर कारागीर कोरलेले, आणि त्यातला एक माणूस भांड्यात काठी घालून फिरवून राहिला होता. काठीला वरती काहीतरी लटकत होतं. काय ते दिसायच्या आत व्हिडिओवाल्यानं कॅमेरा फिरवला, गाईंवर नेला. काकानं तो तुकडा पन्नास वेळा पाहिला असेल, थांबवून, मोठा करून, पण मोठा केला की सगळं धुरकट. आणि बाकी कुठं शोधायचं तेही ह्या लोकांना समजेना.

अन् त्याच महिन्यात जबलपुरातल्या गोहलपुरात अनुपम भैयाचं पोस्टर लागलं. अनुपम भैयाचं ऑफिस म्हणजे खाली ग्रिलचं वेल्डिंग आणि वर ट्रॅव्हल्स, पासपोर्टचे फोटोही ठिणग्यांच्या आवाजात निघतात. आजवर त्यानं फक्त मैहर, अमरकंटक, फार तर जगन्नाथपुरी केलं होतं. आणि आता पोस्टर काय, ‘मिस्र दर्शन, चार रात पाँच दिन, जबलपुर से जबलपुर, आम आदमी के बजट में’, वर पिरॅमिड आणि पिरॅमिडसमोर अनुपम भैयाचा हसरा फोटो चिकटवलेला. चिरागनं आई-बाबा दोघांचेही पैसे भरून टाकले.

पासपोर्टला गेले तर काकूचं काम दहा मिनिटांत झालं. काकानं मशीनवर अंगठा ठेवला, मशीन म्हणे परत ठेवा. परत ठेवला, म्हणे बोट पुसा. बोटं पुसली, धुतली, तेल लावलं, काही नाही. बोटांवर रेघाच नव्हत्या ना. चाळीस वर्षं त्यानं दगड घासला आणि दगडानं त्याला घासला. तिथले साहेब भले होते, म्हणाले, महिन्या-दीड महिन्यानं या, तोवर काम बंद ठेवा, रेघा उमटतील. आणि टूर तर तीन आठवड्यांवर.

शकुकाकू म्हणाली मीही नाही जात. काका शेडमध्ये बसला होता, मान वर न करता बोलला.

“तू जा. मले पिरॅमिड नाही पाहाचा. त्या माणसाच्या काठीले वरती काय लटकून राहिलं, तेवढं पाहून ये.”

“अन् नाही समजलं तं?”

“तू एकतीस वर्सं माह्या शेडीत बसून राहिली. तुले नाही समजलं तं कोणालेच नाही समजत.”

बस. म्हणजे पहा, बाकीचे तेरा लोक पिरॅमिड पाहायला चालले होते आणि शकुकाकू एका कोरलेल्या माणसाच्या काठीचं वरचं टोक पाहायला.

त्या तेरांत विष्णुपंत होते. विष्णुपंत म्हणजे कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले, मराठ्यांच्या काळात चाकरीला आलेल्या घरातले, मराठी एकदम इस्त्रीची. डुमना एअरपोर्टवर त्यांनी शकुकाकूकडं पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं, आणि विचारलं, “काय शकुबाई, दुकानासाठी माल आणायला निघालात की काय?”

“हाव जी,” काकू म्हणाली. “पिरॅमिड भावात बसला तं एखादा घेऊन येते.”

अनुपम भैया हसता हसता बोर्डिंग पास सांडून बसला.

कैरोला हिशाम नावाचा गाईड मिळाला. तिशीतला, गोरापान, हिंदुस्तानी लोकांना फिरवून फिरवून हिंदी शिकलेला. बोलायला गोड, पण पाय सारखे पळून राहिलेले. पहिल्या दिवशी गिझा. तुम्हाला सांगतो, पिरॅमिड समोर आला तसे आपले सगळे जबलपूरवाले चूप झाले. बसमध्ये बसल्यापासून शेव आणि खुरमी वाटणारे लोक, सगळे चूप. शकुकाकू एका दगडाजवळ गेली, तिच्या खांद्याएवढा एक दगड, तिनं त्याच्या कडेवरून पंजा फिरवला आणि म्हणाली, “हातानं काढेल हाय.” एवढंच. पण जसं कोणी माहेरच्या माणसाबद्दल बोलतं ना, तसं.

आणि मग फेरीवाले. स्कार्फवाले, माळावाले, उंटवाले. बाकीचे घाबरले, शकुकाकू मात्र मजेत. कोण आधी हसतो, कोण हातात वस्तू ठेवून ‘गिफ्ट गिफ्ट’ म्हणतो आणि दहा पावलांनी पैसे मागतो, सगळं तिला आधीच माहीत. ती वैभवीला सांगत होती, वैभवी म्हणजे ग्रुपमधली कॉलेजातली मुलगी, की हा पाहा, आता डावीकडून येईल, हा तुझं नाव विचारील, आणि तसंच होऊन राहिलं होतं.

विष्णुपंतांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एकानं फुकट म्हणून उंटावर बसवलं. बसायला फुकट, पण उतरायला पैसे. उंट उभा, विष्णुपंत वर, टोपी तिरकी, आणि उंटवाला खाली हात पसरून उभा, बोटांनी आकडा दाखवतो तो पाहून अनुपम भैयाचा चेहरा पडला. हिशाम कुठंतरी तिकिटाच्या खिडकीवर. विष्णुपंत वरून शुद्ध इंग्रजीत कायदा सांगून राहिले होते, उंटवाल्याला काय त्याचं.

शकुकाकू गेली. भांडली नाही. पिशवीतून एक नंदी काढला, अंगठ्याएवढा, तिनं असे आठ-दहा सोबत आणले होते, भेट द्यायला. तो उंटवाल्याच्या तळहातावर ठेवला आणि सुरू झाली. देख भैया, नर्मदाजी का पत्थर, हाथ का काम, देख कान देख, देख पूँछ देख, तेरे लिए सुबह का भाव, बोहनी का टाइम है, दो लेगा तो एक छोटा फ्री. तो नंदी परत द्यायला गेला की ही हात मागं घेते. तो डावीकडं सरकला की ही डावीकडं. गिफ्ट, गिफ्ट, ही म्हणते, आणि बोटांनी आकडा दाखवते, त्यानं दाखवला होता तोच. शेजारचे उंटवाले पोट धरून हसायला लागले. तोही आधी चिडला, मग त्याच्या लक्षात आलं की समोर कोण आहे, आणि तोही हसला, अशी बहिणीसमोर हरल्यासारखी मान हलवली, चक चक केलं आणि उंट बसला. विष्णुपंत उतरले. नंदी काकूनं त्यालाच देऊन टाकला, खरंच फुकट.

विष्णुपंतांनी टोपी सरळ केली. संध्याकाळपर्यंत ते काकूशी काही बोलले नाहीत, पण जेवताना स्वतःच्या ताटातलं लिंबू उचलून तिच्या ताटात ठेवलं.

आता खरा दिवस ऐका. दुसरा दिवस, सकाराचा. सकारा म्हणजे तेच पायऱ्यांच्या पिरॅमिडचं गाव, तिथंच ती कबर. काकू पहाटेच अंघोळ करून, जांभळी साडी नेसून बसमध्ये पहिल्या सीटवर. जानेवारी होता, चार वाजता तिकडं सगळं बंद होतं, हे तिनं अनुपम भैयाला आदल्या दिवसापासून चार वेळा विचारून घेतलं होतं.

आणि बस थांबली कागदाच्या दुकानाशी. ते झाडापासून करतात तो जुन्या काळचा कागद, त्याच्यावर चित्रं. तिथं सव्वा तास. मग अत्तराचं दुकान, तिथं प्रत्येकाच्या मनगटावर सात सात वास, एक तास. शकुकाकू घड्याळ पाहून राहिली. तिनं अनुपम भैयाला कोपऱ्यात घेतलं. तो बिचारा खरं बोलला. म्हणाला, काकू, टूर स्वस्त काहून आहे? हे दुकानवाले हिशामला कमिशन देतात, तेव्हा तो आपल्याला एवढ्या कमी पैशांत फिरवतो. अजून एक दुकान आहे, दगडाचं. ते झालं की सकारा, बाहेरून फोटो, दहा मिनिटं. कबरीत जाणं काही होत नाही आता.

काकूला रागही आला नाही, हेच तर वाईट. कमिशन काय असतं हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत. तिच्या दुकानाशी ऑटो थांबतो तेव्हा त्या ऑटोतल्या माणसांचं धुआंधार पाहायचं राहून जात असेल, हे तिच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं. ते तिथं, कैरोच्या बसमध्ये, अत्तराचे सात वास हाताला लागलेले असताना आलं.

तिसरं दुकान. दगडाचा कारखाना म्हणून बोर्ड, दारात दोन म्हातारे छिन्नी घेऊन बसवलेले, आत काचेची कपाटं. मालकानं सगळ्यांना लिंबूपाणी दिलं, एका वाटीत टॉर्च धरला, वाटी आतून पेटल्यासारखी पिवळी उजळली, तो म्हणाला अलाबास्टर, हाताचं काम.

आणि आपले जबलपूरवाले हात मागं बांधून उभे. अरे, जबलपूरच्या माणसाला दगड विकून राहिला हा. एक बाई हळूच म्हणाली, आमच्याकडं तर ह्याच्या पायऱ्या असतात. कोणी हात लावेना. मालक हिशामकडं पाहतो, हिशाम भिंतीला टेकून मोबाईल पाहतो, म्हणजे स्पष्टच होतं की कोणी काही घेतल्याशिवाय बस हलणार नाही. दीड वाजला. त्यात विष्णुपंत मोठ्यानं म्हणाले, “अहो, हे निम्मं तर साच्यातलं आहे, भुकटीचं. लूट आहे ही.” वैभवी ते इंग्रजीत सांगायला निघालीच होती.

“विष्णुपंतजी,” शकुकाकू म्हणाली, “दुसऱ्याच्या फळीवर नाही बोलाचं.”

असं म्हणाली की ते चूपच झाले. उंटावरून उतरवलेल्या माणसाला जास्त बोलताही येत नाही म्हणा.

मग ती कपाटाकडं गेली. मालकाला हातानं विचारलं, घेऊ? त्यानं मान डोलावली. तिनं एकेक वस्तू उचलायची, बांगडीनं टिचकी मारायची, कान लावायचा आणि ठेवायची. आवाज बसका आला की मागच्या फळीवर, तोंड भिंतीकडं. आवाज टण्ण आला की पुढं. एक शब्द नाही बोलली. मालक आधी हसत होता, चौथ्या वस्तूला हसायचा थांबला, आठव्या वस्तूला त्यानं लिंबूपाणी उचललं आणि आतून तिच्यासाठी स्वतःचा चहा मागवला. पुढच्या फळीवर पंधराएक वस्तू राहिल्या, सगळ्या खऱ्या, हातानं काढलेल्या, पातळ काठाच्या. भाव तिनं बोटांवर केला, खाली आण, अजून खाली, बस, इथं. मालकानं कबूल म्हणून छातीवर हात ठेवला.

आणि मग ती काउंटरच्या मागं गेली, पदर खोचला आणि आपल्याच लोकांना विकायला लागली. इजिप्तमध्ये. आमच्या शकुकाकूनं. या हो, या दीदी, पांढरा दगड आपल्या घरी हाय, हा मधाच्या रंगाचा हाय का? ह्याच्यात साईसारखे पट्टे पाहा. हे नर्मदेच्या दगडाचं नाईलकडचं भावंड हाय, पाहुणा म्हणून घरी न्या. विष्णुपंतजी, तुमच्या टेबलावर पेनं कशात राहतात, प्लास्टिकच्या डब्यात ना? इतिहासाचे सर अन् प्लास्टिकचा डबा? बरं नाही दिसत. वैभवी, तुझ्या आईले हा दिवा, आत वात लावली की भिंत सोन्याची. अनुपम भैया, तुमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाच्या समोर ठेवाले काहीतरी पाहिजे, का ठिणग्याच दाखवणार? आता एकतीस वर्षांची सवय ती, थांबते थोडीच. वीस मिनिटांत पुढची फळी रिकामी. दारातले छिन्नीवाले म्हातारे उठून आत पाहायला आले होते.

हिशामनं मोबाईल खिशात ठेवला. मालकाशी अरबीत काहीतरी बोलला, दोघं हसले, आणि मग काकूजवळ येऊन अदबीनं म्हणाला की मॅडम, मालक पूछता है, आपका हिस्सा?

बरोबरच ना. आणणाऱ्याचा वाटा असतो तसा विकणाऱ्याचाही असतोच, रीत तिकडंही तीच.

“मेरा हिस्सा टाइम है, भैया,” शकुकाकू म्हणाली. “वो कारीगरवाली कबर में आधा घंटा. फोटो खींच के चलो-चलो नहीं. खड़े रहके.”

हिशाम तिच्याकडं पाहत राहिला. मग घड्याळ पाहिलं आणि ओरडला, यल्ला यल्ला, सगळे बसमध्ये.

तीनला दहा कमी असताना पोचले. कबरीचा पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभाच होता, हिशामनं त्याला काय सांगितलं कोणास ठाऊक, पण काकूकडं बोट दाखवून दोनदा बोलला आणि दार उघडं राहिलं.

आत थंड, अरुंद खोल्या, आणि भिंती म्हणजे नुसती गर्दी. मासे, नावा, गाढवं, नाचणाऱ्या बाया, पाणघोडा. लोक मासे पाहायला लागले. शकुकाकू सरळ, एक खोली, दुसरी खोली, व्हिडिओतल्या गाई शोधत. गाई सापडल्या. गाईंच्या अलीकडं, छातीएवढ्या उंचीवर, तो बसला होता.

हातभर उंचीचाही नव्हता. भांड्यावर वाकलेला, एक हात भांड्याला, एक हात काठीला. आणि काठीला वरती, मुठीच्या जरा खाली, दोन्ही बाजूंना एकेक, लिंबासारखं काहीतरी लटकून राहिलेलं. बांधलेलं.

काकू तशीच उभी. पहिल्यांदा तिला काहीच समजलं नाही, खरं सांगतो. मनात आलं की एवढ्या लांब येऊन आता काय सांगू त्यांना, दोन लिंबं होती? हिशाम मागून म्हणाला, ये वेट है, किताब में लिखा है, स्टोन का वेट, चलो दीदी इधर डान्सिंग गर्ल. ती नाही हलली. ती त्या माणसाच्या हाताकडं पाहून राहिली. त्याचा हात ढिला होता. बोटं सैल, मनगट वर. धनेशकाकाचं मनगट असं कधीच नसतं, त्याचं मनगट खाली दाबलेलं, शिरा तटतटलेल्या, दातावर दात. आणि हा साडेचार हजार वर्षांपासून असा आरामात बसला, जसं कोणी ताक घुसळतं.

“अगं बाई,” शकुकाकू म्हणाली. “हा दाबतच नाही.”

सगळे वळले. ती मटकन खाली बसली, जांभळी साडी, इजिप्तची धूळ, काही पाहिलं नाही. पाण्याची बाटली दोन पायांत धरली. अनुपम भैयाच्या हातातली टूरच्या झेंड्याची काठी ओढून घेतली, बाटलीत उभी केली. एका बाजूनं आपली पर्स लटकवली, आणि दुसरी बाजू रिकामी म्हणून काठी कलली, लगेच बाटलीच्या तोंडाला लागली. तशी तिनं विष्णुपंतांसमोर हात केला. विष्णुपंतांनी गळ्यातला कॅमेरा, जो ते कोणाला हातही लावू देत नव्हते, काढून दिला. तो दुसऱ्या बाजूला. काठी सरळ झाली. तिनं दोन बोटांनी फिरवली. काठी उभीच्या उभी फिरली, बाटलीच्या तोंडाला कुठं लागली नाही.

विष्णुपंत गुडघ्यावर बसले. सत्तरीचा माणूस.

“म्हणजे जोर हाताचा नव्हेच,” ते म्हणाले.

“नाही ना जी. दाबते ते वजन. सरळ खाली, एकसारखं. हात फक्त फिरवाले. हातानं दाबलं की हात हलते, हात हलला की गळा फुटते.” आणि मग तिचा आवाज जरा घसरला. “आमच्या घरी लय गळे फुटले जी.”

हिशाम परत चित्रासमोर गेला. किताब में तो था, तो म्हणाला, वजन हैं. बारा साल से बोलता हूँ. काहे को हैं, आज समझा.

विष्णुपंतांनी खिशातून डायरी काढली, काकूला म्हणाले, पुन्हा एकदा सांगा, सावकाश, आणि लिहून घेतलं. खाली तारीख टाकली, आणि नाव विचारलं, पूर्ण नाव.

बाहेर उन्हात आले तेव्हा फोनला रेंज आली. वैभवीनं व्हिडिओ कॉल लावून दिला. तिकडं संध्याकाळ, काका शेडमध्येच, मागं धुआंधारचा आवाज. काम बंद ठेवायचं होतं ना रेघांसाठी, पण कपाळावर दगडाची पूड दिसतच होती. काकू रागावली नाही.

“दोन थैल्या होत्या,” ती म्हणाली. “दगडाच्या. काठीले दोन्हीकडून बांधेल.”

फोन अडकला की काय म्हणून वैभवी वाकून पाहायला लागली. पण अडकला नव्हता, काकाच्या पापण्या हलून राहिल्या होत्या.

“मंग हात सैल असन त्याचा,” तो म्हणाला.

तिनं सांगितलंच नव्हतं अजून.

“हाव. एकदम सैल.”

“अन् मी चाळीस वर्सं दाबून राहिलो.” आणि तो हसला, असा हसला की शेडीतलं कुत्रं उठून बसलं. “बरोबरीच्या होत्या का थैल्या?”

“बरोबरीच्या.”

मग विष्णुपंतांनी फोन मागून घेतला. म्हणाले, धनेशराव, मी विष्णुपंत बोलतोय, तुमच्या मिसेसनी आज आम्हा सगळ्यांना जे शिकवलं ते मी चाळीस वर्षांत वर्गात शिकवू शकलो नाही. धनेशराव! आजवर त्याला कोणी भैया म्हटलं, कोणी ए कारीगर म्हटलं. काकूनं तोंड फिरवलं आणि पायऱ्यांच्या पिरॅमिडकडं पाहत राहिली. तिच्या सांगण्याप्रमाणे तो तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि चांगला मोठा आहे म्हणे.

परत आली तर घरी काय, काकानं चिरागच्या जुन्या जीन्सच्या दोन थैल्या शिवून, नर्मदेचे गोटे भरून तयार. पहिला लोटा तडकला, एक थैली पावशेर जड झाली होती. मग किराणावाल्याचा तराजू आणला. दुसऱ्या लोट्याचं पोट अर्धं झालं होतं तेव्हा पासपोर्टवाल्यांचा मेसेज आला, अमुक तारखेला या, बोटं तपासू. काकानं वाचलं, फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, सांग त्यांना, सध्या वाळू आत हाय, पुढच्या महिन्यात पाहू. म्हणजे ज्याच्यासाठी पासपोर्ट पाहिजे होता तेच घरी बसून करून राहिला होता तो. आणि एका हातानं फिरवत होता, दुसऱ्या हातात चहा.

आता तो लोटा दुकानात पहिल्या फळीवर आहे. जाऊन पहा, गळ्यातून अंगठाच जातो, पोट नारळाएवढं, आणि आतून उजेड दिसतो इतका पातळ. कोणी भाव विचारला की काकू सांगते विकायचा नाही, आणि मग स्टूल पुढं करते आणि पिरॅमिडपासून सुरू करते. अनुपम भैयानं दुसऱ्या टूरचं पोस्टर लावलं आहे, त्यात खाली बारीक अक्षरांत ‘दुकानें कम’ असं लिहिलं आहे. आणि आता काकूच्या दुकानाशी ऑटो थांबला की ती आधी सवारीला विचारते, धुआंधार देख लिया? नसेल पाहिलं तर म्हणते पहले देख के आओ, मैं यहीं हूँ. ऑटोवाले आधी कुरकुरले. त्यांचा वाटा ती देतेच, म्हणून गप्प बसले.

गेल्या रविवारी विष्णुपंत आले होते, थेट घरून लोटा पाहायला. हातात नाही घेतला, आधी वाकून चहूबाजूंनी पाहिला. काकूनं लोटा गुरुवारीच पाण्यानं काठोकाठ भरून एका पाटावर ठेवला होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, पाटाले हात लावून पाहा जी.

त्यांनी पंजा ठेवला, उलटा करून पाहिला, परत ठेवला. पाट कोरडा ठणठणीत.